वाक्यातला कर्ता

त्या वर्षी आमच्या घरात मोबाइलची रेंज नव्हती. आत नव्हती, पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणातही, नव्हती. ती मिळे फक्त मागच्या आवारात, विहिरीच्या अलीकडे, आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या जागेमधला चिऱ्यांचा गडगा जिथे ढासळून बसका झाला होता, तिथल्या तीन-चार पावलांत. गडग्यावर बसले तर आवाज स्वच्छ येई. उठून माडाच्या दिशेने दोन पावले टाकली की पलीकडच्याचे शब्द तुटू लागत. टाळेबंदीच्या महिन्यांत माझ्या पत्नीच्या मनाचा सगळा कारभार त्या तीन-चार पावलांत चालला, आणि तिथे पहाऱ्याला मी होतो.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. तेव्हा शाळा बंद होती आणि गावाने एक समिती नेमली होती. वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला होता. कोण आले, कोण गेले, कोणत्या कारणाने, याची नोंदवही माझ्याकडे होती, कारण माझे अक्षर चांगले आणि मी कोणाशी भांडत नाही, असे सर्वांचे मत. मला हळू आवाजात नाही म्हणता येते, हे समितीला सोयीचे वाटले. तो माझा गुण आहे असे त्या वेळी मलाही वाटत असे.

माझ्या सासूबाई विजयदुर्गाजवळच्या एका गावी धाकट्या मुलाकडे राहत. चैत्रात त्यांना ताप आला. तो साथीचा नव्हता, थकलेल्या शरीराचा होता. मेव्हण्याचा फोन पत्नीनेच गडग्यावर घेतला आणि ती आत आली.

"आवशीक बरा नाय," ती म्हणाली. "माका एकदा न्हेवन सोडा."

तालुका ओलांडायला पास लागे. आजारपणासाठी तो मिळत होता. वाडीतल्या दोघांचे अर्ज मीच लिहून दिले होते. पण त्याच आठवड्यात, मुंबईहून आलेल्या आणि शाळेत वेगळ्या ठेवलेल्या मुलाला लांबूनच बघून येते म्हणणाऱ्या एका आईला मी बांबूपाशी अडवले होते. मी पत्नीला म्हणालो, "लोकांना नाही म्हणतो, मग माझ्याच घरात हो कसा म्हणू?"

हे सांगण्यासारखे कारण होते. न सांगण्यासारखे कारण असे, की मला मधुमेह आहे आणि मी भ्यालो होतो. ती जाईल, येताना आजार आणील, आणि मी मरेन. इतका साधा विचार होता तो. त्याला मी गावाच्या नियमाचा सदरा घातला.

नऊ दिवस ती विचारत राहिली. पहिले दोन दिवस तिने कारणे दिली. मग कारणे संपली आणि ती नुसतीच 'जावया मा', जाऊ या ना, एवढेच म्हणू लागली. शेवटचे तीन दिवस तिने काहीच म्हटले नाही. सकाळी कापडी पिशवी भरून ती ओटीवर ठेवी आणि संध्याकाळी आत नेई. नवव्या दिवशी सासूबाई गेल्या आणि मेव्हण्याने व्हिडिओ कॉल लावला. गडग्यावर आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. चित्र आले आणि अडकले. वाकळेचे एक टोक, मेव्हण्याचा अंगठा आणि तिच्या आईचे अर्धे कपाळ. आवाज मात्र येत राहिला. चित्र तसेच थांबलेले आणि रडण्याचा आवाज पुढे जात असलेला, असा तो अंत्यविधी तिने पाहिला.

त्यानंतर तिचे जेवण तुटले. पहाटे उठून ती छातीवर हात धरून बसे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हृदय ठीक आहे, हे मनाचे दुखणे आहे. फोनवरून समुपदेशन मिळण्याची सोय झाली आहे, तुमचा नंबर देऊन ठेवतो. आमची मुलगी नोकरीच्या गावी अडकलेली, घरात आम्ही दोघेच, आणि स्मार्टफोन एकच, माझा. त्यामुळे नंबर माझा गेला. दर गुरुवारी सकाळी अकराला फोन यायचा. तो नंबर दर वेळी निराळा असे आणि त्यावर उलट फोन लागत नसे.

बोलणारी मुलगी शहरातली होती. आवाजावरून तिशीही न गाठलेली. मी फोन स्पीकरवर टाकून गडग्यावर ठेवला.

"ताई, तुम्ही अगदी मोकळेपणानं बोला. मी ऐकतेय."

पत्नीने पदर सारखा केला आणि तहसील कचेरीत बोलावे तशी ती बोलू लागली. "मला झोप लागत नाही. मला भूक लागत नाही. माझी आई वारली." तीन वाक्ये, परीक्षेत लिहावीत तशी पूर्ण आणि कोरडी. मग चौथे वाक्य आले ते मालवणीत आले, आणि त्यामागून सगळे आले. ती पाच मिनिटे बोलत होती. 

"सर," शेवटी ती मुलगी म्हणाली, "मला सगळं नीट कळलं नाही. ताई काय म्हणाल्या?"

असा मी दुभाषी झालो. तिने सुचवून पाहिले होते, की ताई हळू बोलल्या तर तिला हळूहळू समजू लागेल. मीच म्हणालो, "राहू द्या मॅडम, मी आहे ना. तुमचा वेळ कशाला घालवायचा?"

फोन संपल्यावर मी पत्नीला विचारले, की घरातले वर्तमानपत्र तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस, मग तिच्याशी तिच्या मराठीत का बोलत नाहीस?

"त्या मराठीत माका रडूक येणा नाय," ती म्हणाली.

दुसऱ्या गुरुवारी तिने मूळ गोष्ट सांगितली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "नऊ दिस मी ह्यांच्या मागे लागलंय. ह्यांनी माका जावक दिल्यानी नाय."

मी फोनकडे तोंड करून म्हणालो, "आईच्या आजारपणात तिला जाता आलं नाही. त्याची तिला खंत आहे."

तीस वर्षे मी मुलांना वाक्याचे पृथक्करण शिकवत आलो आहे. क्रियापदाला विचारा, 'कोण?' जे उत्तर येईल तो कर्ता. पत्नीच्या वाक्यात कर्ता होता. 'ह्यांनी' हा पहिलाच शब्द त्याचा होता आणि तो तिच्याशेजारी बसला होता. माझ्या वाक्यात तो कुठेच नव्हता. 'तिला जाता आलं नाही' या वाक्यात पूल वाहून गेला असेल, गाडी रद्द झाली असेल, सरकारने रस्ता अडवला असेल. मी खोटे बोललो नव्हतो. मी फक्त प्रयोग बदलला होता, आणि तो इतका सफाईने बदलला, की मला मनातल्या मनात थोडे बरेही वाटले. घर चालवणाऱ्यालाही आपण कर्ताच म्हणतो. घरातला कर्ता वाक्यातून असा निघून गेला आणि कोणाला कळले नाही, अशी माझी समजूत.

"तुमच्या हातात नव्हतं ते, ताई," ती मुलगी समजुतीने म्हणाली. "परिस्थितीच तशी होती. स्वतःला दोष देऊ नका."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. बाजारात मापात मारणाऱ्याकडे ओळखीचे गिऱ्हाईक पाहते, तसे.

पुढचे गुरुवार असेच गेले. ती म्हणे, "ह्या घरात माका श्वास घेवक जागा नाय," आणि मी सांगे, "तिला दम लागतो." मग ती मुलगी श्वासाचा व्यायाम शिकवी: चार आकडे आत, चार आकडे बाहेर. पत्नी माझ्यावर नजर ठेवून चार आकडे श्वास आत घेई. मी मान हलवी. शनिवारी तालुक्याच्या ठिकाणाहून कोणी विचारपूस करी, तेव्हा उपचार सुरळीत सुरू आहेत असे मी कळवी. बांबूच्या आत सगळी वाडी कोंडलेली होती, आणि त्या वाडीत, त्या घरात, त्या तीन-चार पावलांत एक बाई कोंडलेली होती. तिच्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाक्याला माझ्यासमोरून जावे लागे. नोंदवहीतल्या लोकांसारखेच मी वाक्यांनाही कारण विचारत होतो आणि बरीचशी परत पाठवत होतो.

पाचव्या गुरुवारी तिला फारसे बोलायचे नव्हते. मुलीने विचारले, दिवसातली एखादी तरी वेळ अशी आहे का, जेव्हा थोडे हलके वाटते?  पत्नी विहिरीकडे न बघता म्हणाली, "बावीर गेल्यार पाणी बरा दिसता. थंयच रवाचा असा वाटता."

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. मी म्हणालो, "विहिरीवर गेलं की तिला बरं वाटतं. तिथंच थांबावंसं वाटतं."

एक शब्द मी गाळला. तो का गाळला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या क्षणी मला अर्थ कळला नव्हता, असे म्हणणे मला आवडेल. पण माझी नजर विहिरीकडे जाऊन परत आली होती, ते मला आठवते. आणि ती परत आल्यावरच माझ्या तोंडून ते नीटस वाक्य बाहेर पडले.

"अरे वा, छान," मुलीला खरोखरच आनंद झाला. "मग रोज थोडा वेळ तिथं बसत जा, ताई. करणार ना?"

आणि माझी पत्नी हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. अगदी लहान, नाकातून आलेले हसू. मी ते सुधारणेचे लक्षण मानले आणि शनिवारी तसे कळवलेही.

रविवारी दुपारी शेजारच्या मावशींनी मला गडग्यावरून हाक मारली. त्या सत्तरीच्या, ख्रिस्ती, नवरा जाऊन वीस वर्षे झालेली, मुलगा बोटीवर नोकरीला. चर्चला कुलूप होते, म्हणून रविवारी त्या गडग्याला टेकूनच जपमाळ ओढत. त्या दिवशी गडग्याच्या त्यांच्या बाजूला चटईवर आमसुले वाळत घातली होती. गेले पाच गुरुवार ती तिथेच वाळत होती, हे मला तेव्हा लक्षात आले.

"मास्तरांनू, तुमचा मराठी खूप गोड हा," त्या आमसुले परतत म्हणाल्या. "बायलेचा कडू त्यातसून पलीकडे पोचता कसा?"

"काय म्हणतास मावशी?"

"काय म्हणतंय ता तुमका समाजला. माझे कान अजून शाबूत आसत." त्यांनी मान वर केली. "ती पाणी म्हणाली. तुमी ता पाणी खंय ओतलास?"

 "तसा काय नाय," असे काहीतरी मी पुटपुटलो.

"आता ती खंय आसा?"

मी मागे वळून पाहिले. पत्नी विहिरीच्या कठड्यावर बसली होती, पाय आतल्या बाजूला सोडून. वैशाखात पाणी खोल जाते. पण आमच्या विहिरीचा तळ कधी दिसत नाही.

मी पळालो नाही. पळालो तर ती दचकेल, एवढे भान मला कसे राहिले कोण जाणे. मी हळूहळू चालत गेलो आणि तिचा दंड धरला.

"उठ गो."

"कित्याक?" ती म्हणाली. "डॉक्टरबायन सांगितल्यान मा, रोज बस म्हणान. तुमीच सांगितलास तिका, माका बरा वाटता."

"तुका सगळा समाजत होता?"

"पेपर कोण वाचता घरात?"

तिने पाय बाहेर घेतले आणि ती उठून उभी राहिली. इतके आठवडे मी तिच्यादेखत तिचीच वाक्ये बदलत होतो आणि ती ती ऐकत होती. मालवणी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठी समजत नसावे, अशा थाटात एक मराठीचा मास्तर तीस वर्षे संसार केलेल्या बायकोसमोर बसला होता.

गुरुवारला चार दिवस होते आणि उलट फोन लागत नव्हता. रविवारी आरोग्य केंद्रातला फोनही कोणी उचलेना, आणि ते तीन किलोमीटरवर होते. मी चपला घालून निघालो, बांबूपाशी पोहोचलो, आणि तिथे माझीच वही टेबलावर होती. नाव लिहिले, वेळ लिहिली. पुढचा रकाना 'कारण' हा होता. पहाऱ्यावर बसलेला गृहस्थ माझ्याकडे बघत होता. मी वही मिटली आणि परत आलो. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. इतके झाल्यावरही मी परत आलो.

मावशींनी माझा चेहरा पाहिला. ढासळलेल्या गडग्यावरून, साडी गुडघ्यापर्यंत धरून त्या आमच्या बाजूला उतरल्या. एका घरातल्याने दुसऱ्या घरात जायचे नाही, हा समितीचा नियम मीच फळ्यावर लिहिला होता.

"लिवा माझा नाव तुमच्या वयेत," त्या म्हणाल्या. "आणि कारण लिवा, बावीर बसाक इल्लंय."

चार दिवस त्या पत्नीजवळ राहिल्या; निजायलाही. त्यांच्या सांगण्यावरून मी विहिरीवर मासेमारीचे जुने जाळे चार पदरी करून बांधले. पाणी काढायला एका कोपऱ्यात कळशीपुरती जागा ठेवली. ते बघून पत्नी मावशींना म्हणाली, "मास्तर आता बावीत मासे धरतले." मावशी हसल्या. मी गाठी आवळत राहिलो.

गुरुवारी अकराला फोन वाजला. गडग्यावर आम्ही तिघे होतो.

"नमस्कार सर. ताई बसतात ना विहिरीवर? बरं वाटतंय?"

मी म्हणालो, "मॅडम, मी चुकीचं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, विहिरीवर गेलं की पाणी बरं दिसतं. पाणी हा शब्द मी गाळला."

 रेंज गेली असे वाटून मी फोनच्या पडद्याकडे पाहिले. गेली नव्हती.

"अजून काय गाळलंत, सर?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

"तिला जाता आलं नाही असं मी म्हणालो होतो. तसं नाही. मी तिला जाऊ दिलं नाही."

"नऊ दिस," पत्नी शेजारून म्हणाली. "सांगा, नऊ दिस."

"नऊ दिवस," मी म्हणालो. "ती रोज विचारत होती. पास मिळाला असता. मी अर्ज केला नाही. मी घाबरलो होतो."

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता स्पीकर बंद करा, फोन ताईंकडे द्या. त्यांच्याजवळ कोणी आहे?"

"शेजारच्या मावशी आहेत."

"ताईंना चालत असेल तर त्या बसू देत. तुम्ही आवाज येणार नाही इतके लांब जा."

"पण तुम्हाला मालवणी..."

"नाही कळलं तर मी परत विचारेन, सर. त्या सांगतील."

मी पुढच्या खळ्यात गेलो. तिथे रेंज नव्हती आणि मागचे बोलणेही पोहोचत नव्हते. तासभर मी उभाच होतो. पलीकडे काय सांगितले जात आहे, त्यात मी कसा आहे, हे मला कळण्याचा काही मार्ग नव्हता. मी लोकांना इतके दिवस कशात ठेवले होते, ते तेव्हा थोडेसे समजले. मग पत्नीने येऊन फोन माझ्या हातात दिला. तो गरम झाला होता.

"डॉक्टरांका फोन करतली ती," पत्नी म्हणाली. "फाल्या आमका बोलवतले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बांबूपाशी गेलो. मी पेन उचलले तेव्हा तिने ते माझ्या हातातून घेतले. स्वतःचे नाव लिहिले, वेळ लिहिली, आणि 'कारण' या रकान्यात, पहाऱ्यावरच्या माणसादेखत, सावकाश अक्षरात लिहिले: मी आजारी आहे.

औषधे वर्षभर चालली. गुरुवारचे फोन पावसाळाभर येत राहिले. मी तो फोन तिच्या हातात देऊन पुढच्या खळ्यात जात असे. ती काय बोलली हे तिने मला सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. एकदा, पुष्कळ दिवसांनी, मी तिची क्षमा मागितली. ती तांदूळ निवडत होती. "तुमी ता तिका सांगितलास, तेवढा माका पुरे," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "आवशीक नाय पुरणा." त्यापुढे मला काही बोलता आले नाही, खरे तर, मी बोललो नाही.

आता घरात रेंज आहे. तिचा स्वतःचा फोन आहे. विहिरीवर पंचायतीच्या योजनेतली लोखंडी जाळी बसली, तरी घरात फार वेळ शांतता असली की मी मागच्या दारापर्यंत जाऊन येतो. ती ते बघते.

दर चैत्रात, आईच्या तिथीला, ती माहेरी जाते. पहिल्या वर्षी मी विचारले होते, सोबत येऊ का. ती नको म्हणाली. आता मी विचारत नाही. यंदाही ती सकाळच्या एसटीने निघाली. कापडी पिशवी ओटीवर ठेवून तिने चपला घातल्या आणि आतल्या दिशेने सांगितले, "मी जातंय. पाणी भरून ठेवलंय. भात तेवढो लावा."